मुलाच्या अंगावरच्या पित्तासाठी २७,१०० रुपये मोजले आणि पोटात स्टिरॉइड गेलं

माझ्या आठ वर्षांच्या मुलाला सात महिने रोज संध्याकाळी अंगावर पित्त उठायचं. पोटावर, मांड्यांवर लालभडक गांधी, रात्रभर खाजवणं, सकाळी सगळं गायब. सासूबाई आमसुलाचं पाणी लावून थकल्या. अशात दादर स्टेशनजवळ ‘ॲलर्जी मुळापासून बरी’ असा बोर्ड दिसला आणि मी आत गेले. कुठलीही आई गेली असती.

आधी ८,५०० ची रक्ततपासणी. रिपोर्टात गहू, दूध, अंडं, टोमॅटो लाल रंगात, सगळं बंद. मग महिन्याला ६,२०० च्या पुड्या, तीन महिने.

कळायला हवं होतं ते चौथ्याच दिवशी. सात महिन्यांचं पित्त तीन दिवसांत थांबलं! पांढऱ्या कागदाची पुडी, नाव नाही, बॅच नंबर नाही. जीपे कुणा बाईच्या खात्यावर. बिल मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, “ताई, औषध नाही हे, जडीबुटी आहे.” मी गप्प बसले, कारण पोरगं शांत झोपत होतं. पुढे दोन भाकऱ्या खाऊनही भूक भूक करायला लागला, गाल टम्म फुगले. सगळे म्हणाले, तब्येत धरली. मीही तेच म्हणत होते. आठवलं की पोटात कालवतं.

पुड्या संपल्या आणि आठवड्याभरात उलट्या, अंगात त्राण नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी चेहरा बघूनच पुड्यांबद्दल विचारलं. सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, फारच कमी निघालं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. म्हणजे पुड्यांत स्टिरॉइड होतं. तुमच्याकडे अशा पुड्या चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर गाठा.

सहा आठवड्यांवर टिकणाऱ्या पित्ताचं कारण मुलांमध्ये क्वचितच खाण्यात असतं. आणि ती ८,५०० ची रक्ततपासणी आयजीजी प्रकारची होती, ती ॲलर्जी दाखवतच नाही. माझ्या पोराचं दूध तीन महिने उगाच तोडलं! आता डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लेव्होसेट्रिझिन दिलंय, रोज, नेमाने. बऱ्याच मुलांचं हे कालांतराने आपोआप जातं, हे तिथे पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला तर मात्र थेट हॉस्पिटल.

चौकीत विचारलं, “पैसे तुम्हीच दिलेत ना?” मग औषधांच्या ऑफिसात पाठवलं. तिथे म्हणे लेबल नाही, बिल नाही, बनवणारा कोण ते सांगा. अहो, तेच शोधायला मी तुमच्याकडे आले ना! चार खेपा, चार रजा, पोच फक्त एका अर्जाची. बिल नाही तर पैसे देऊ नका, रिकामी पुडीसुद्धा टाकू नका. माझ्याकडे दोन उरल्यात, डब्यात बंद करून ठेवल्यात. तो बोर्ड काल संध्याकाळीही तिथेच होता आणि बाकावर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी बाहेर बोलावून सगळं सांगितलं.