जुन्या चर्चच्या नूतनीकरणासाठी घेतलेली सल्लागार सेवा: फी कुठे वसूल झाली आणि कुठे नाही

वसई तालुक्यातील आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) जुन्या चर्चचे नूतनीकरण करताना धर्मग्राम परिषदेने मुंबईच्या एका संवर्धन-वास्तुविशारद संस्थेची सेवा घेतली. पाहणी, अंदाजपत्रक, निविदा, वेळापत्रक, जागेवरची देखरेख आणि कंत्राटदाराच्या बिलांची तपासणी ही सगळी कामे एकाच करारात होती. छप्पर आणि पावसाच्या पाण्याचा निचरा एवढ्यापुरता पहिला टप्पा आता पूर्ण होऊन त्याचा हिशेबही मिटला असल्याने या सेवेबद्दल खात्रीने लिहिता येते. पुढे काही तक्रारी आहेत, म्हणून संस्थेचे नाव दिलेले नाही. वित्त समितीचा सदस्य म्हणून माझे मत असे की, कामापूर्वीची पाहणी आणि बिलांची तपासणी यांसाठी दिलेला पैसा पुरेपूर वसूल झाला, देखरेखीसाठी दिलेला मात्र झाला नाही.

सल्लागार नेमण्यापूर्वी आम्ही कंत्राटदारांकडून थेट दर मागवले होते. त्यांनी मधल्या दालनात उभे राहून वर पाहत पाहत प्रति चौरस फूट भाव सांगितला आणि तो ऐकायला सोपा असल्यामुळे परिषदेतल्या अनेकांना पटलाही. या संस्थेने मात्र छत उघडून पाहिल्याशिवाय एकही आकडा देण्यास नकार दिला आणि पाहणीची फी वेगळी मागितली, तेव्हा बैठकीत बरीच कुरकुर झाली. चर्चच्या भिंती चुन्यात बांधलेल्या दगडाच्या, वर लाकडी कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) आणि मंगलोरी कौले, आणि खालून कौले दिसू नयेत म्हणून मागाहून ठोकलेले प्लायवूडचे छत, अशी एकंदर रचना आहे. संस्थेच्या तरुण अभियंता बाईंनी भिंतीलगतच्या प्लायवूडच्या फळ्या काढायला लावल्या, परांचीवर चढून कैचीचे भिंतीत गाडलेले टोक शोधले आणि त्यात साधा पेचकस दाबला. तेलरंग दिलेल्या, दिसायला धडधाकट अशा त्या सागाच्या टोकात तो मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओला, कॉफीच्या रंगाचा भुसा चिकटलेला होता. मधल्या दालनाचे आणि बाजूच्या पडवीचे छप्पर जिथे मिळते तिथली पन्हळ अनेक पावसाळे गळत होती. भिंतीचा माथा सतत ओला राहिल्याने लाकडाची टोके कुजली होती आणि त्यामागून वाळवी आली होती.

या शोधामुळे अंदाजपत्रक चांगलेच फुगले. परंतु ही वाढ निविदेपूर्वी कळली यातच या सेवेचे खरे मोल आहे. कुजलेली टोके कौले उतरवल्यानंतर सापडली असती, तर त्यांचा दर ‘अतिरिक्त बाब’ म्हणून ठरला असता. आणि छप्पर उघडे, पाऊस तोंडावर, अशा वेळी कंत्राटदार जो दर सांगेल तो समितीला मुकाट्याने मान्य करावा लागतो. तेच काम निविदेत आधीपासून असल्यामुळे त्याचा दर स्पर्धेतून ठरला. जुन्या इमारतीचे अंदाजपत्रक कितपत विश्वासार्ह आहे, हे ती आधी किती ठिकाणी उघडून पाहिली त्यावर ठरते; आकडे किती सुबक छापले आहेत त्यावर नव्हे. एवढी खबरदारी घेऊनही संस्थेने आकस्मिक खर्चासाठी पंधरा टक्के राखून ठेवायला लावले. नव्या बांधकामात तीन ते पाच टक्क्यांची सवय असलेल्या आमच्या मंडळींना ते फार वाटले, पण त्यातला मोठा भाग खरोखरच भिंतीच्या माथ्याच्या दुरुस्तीला लागला.

गिलाव्याच्या बाबतीतही सल्ला योग्य होता. कोणे एके काळी आतून केलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे भिंतीतला ओलावा बाहेर पडू शकत नव्हता, क्षार पृष्ठभागावर येत होते आणि दरवर्षी रंगाचे पोपडे पडत होते. रंग बदलून हा प्रश्न सुटणार नाही, सिमेंट खरवडून पुन्हा चुनाच वापरावा लागेल, हे त्यांनी लेखी दिले. चुन्याचा दर सिमेंटपेक्षा जास्त, कारागीर कमी आणि चुना आधी विरवून मुरू द्यावा लागतो, म्हणून ‘भिंत तशीच उघडी ठेवू, दगड छान दिसेल’ असा एक स्वस्त पर्यायही परिषदेत पुढे आला. त्यावर संस्थेच्या प्रमुखांनी जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकाचा दाखला दिला. १९५०च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तिथला बाहेरचा चुन्याचा गिलावा काढण्यात आला आणि तेव्हापासून तिथला जांभा दगड कोकणपट्टीचा पाऊस उघड्या अंगावर घेतो आहे. आता त्यावर पुन्हा गिलावा करावा की ते ओळखीचे तांबूस रूप जपावे, यावर वाद चालतो. हे ऐकल्यावर उघड्या दगडाची चर्चा थांबली.

वेळापत्रक त्यांनी ३१ मेपासून मागे मोजत आखले, हे मला विशेष आवडले. वसईत जून लागला की उघडे छप्पर परवडत नाही, त्यामुळे कौले चढवण्याची शेवटची तारीख आधी ठरली आणि तिच्या मागे रिपा, वासे, कैच्या, लाकडाची खरेदी असे टप्पे लागत गेले. मात्र आमच्याकडचे वर्ष केवळ पावसाने ठरत नाही. नाताळानंतर जानेवारीत आणि पुन्हा ईस्टरनंतर लग्नसराई असते, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात लग्ने नसतात पण शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला गर्दी असते, आणि ईस्टरच्या लगत आधीच्या पवित्र आठवड्यात चर्चमध्ये परांची उभी ठेवणे कोणालाच मान्य होणार नव्हते. हे सर्व आम्ही सांगितल्यावर त्यांनी छप्पर दोन भागांत उघडण्याची योजना केली, मोठ्या मिस्सा (सामुदायिक उपासना) सभागृहात हलवल्या आणि लग्नाची नोंदणी करणाऱ्या कुटुंबांना कोणत्या तारखांना अर्धेच चर्च मिळेल याचा तक्ता कार्यालयात लावायला दिला. तक्ता साधा होता, पण त्यामुळे फादरांच्या डोक्याचा बराच ताप वाचला.

पैशाच्या आवकीचे नियोजन हा या करारातला सर्वांत नाजूक भाग होता. लोकांना दिसणाऱ्या वस्तूसाठी देणगी द्यायला आवडते; “फादर, वेदीचा संगमरवर आमच्या आईच्या नावाने राहू द्या,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पन्हळीसाठी पाकीट घेऊन कोणी येत नाही. शिवाय विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे असा चर्चचा कायदा आहे, त्यामुळे संगमरवराचे पैसे वाशांकडे वळवता येत नाहीत. संस्थेने यावर उपाय म्हणून छपराचेच छोटे भाग पाडले: एक कैची, एक वासा, शंभर कौले, पन्हळीचा एक मीटर, आणि प्रत्येकाची किंमत निविदेतल्या प्रत्यक्ष दरावरून काढली. खातेवहीतही हेतूनुसार स्वतंत्र शीर्षके ठेवली. कर्ज काढायचे तर सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून त्यांनी कर्ज गृहीत धरलेच नाही. जमा रक्कम एका टप्प्याच्या पूर्ण खर्चाला आणि राखीव निधीला पुरेपर्यंत कार्यादेश काढायचा नाही, असा नियम त्यांनी घालून दिला आणि परिषदेने तो पाळला.

देणग्यांच्या कायदेशीर बाजूबद्दल मात्र त्यांचा सल्ला तोकडा पडला आणि आम्हाला आमच्या सनदी लेखापालांकडेच जावे लागले. आखातात नोकरी करणारा, भारतीय पारपत्र असलेला मुलगा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो तेव्हा ते विदेशी योगदान ठरत नाही. कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या चुलतभावाची तेवढीच रक्कम मात्र ठरते, आणि ती परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. घरोघरी परदेशस्थ नातेवाईक असलेल्या वसईत हा भेद देणगीचे आवाहन छापण्यापूर्वीच सांगायला हवा होता. आयकर सवलतीचेही तसेच आहे. प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीवर ती मिळण्यासाठी त्या वास्तूबाबत केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढलेली असावी लागते, आणि आमचे चर्च त्यात नाही. देणगीदारांना हे पावती देताना सांगावे लागणे बरे दिसत नाही.

बिलांच्या तपासणीचा एक नमुना देतो. कंत्राटदाराच्या दुसऱ्या चालू बिलात (काम सुरू असताना झालेल्या कामापुरत्या बिलात) परांचीचे भाडे स्वतंत्र ओळीत आले होते. संस्थेच्या मोजणीदाराने निविदेतल्या बाबीचे वर्णन काढून दाखवले. त्यात ‘कोणत्याही उंचीवर, परांचीसह’ असे शब्द होते, म्हणजे परांची दरातच धरलेली होती. ती ओळ लाल शाईने खोडली गेली. कौलांची मोजणी त्यांनी छपराच्या उतारावर टेप लावून केली, जमिनीवरच्या नकाशावरून नव्हे, आणि फुटलेली कौले बदलण्याची संख्या रोजच्या रोज मोजमाप पुस्तकात चढवून त्यावर आमच्या एका सदस्याची सही घेतली. प्रत्येक बिलातून राखून ठेवलेली रक्कम एक पावसाळा गेल्यानंतरच सोडायची, हे कलमही त्यांनीच करारात घातले होते. पहिल्याच मोठ्या सरीत गायनवृंदाच्या माळ्यावर पाणी टपकले तेव्हा कंत्राटदार दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन हजर झाला, तो या कलमामुळेच.

आता उणिवा. निविदेचा मसुदा कुठल्यातरी हॉटेलच्या कामावरून उचललेला असावा, कारण त्यात ‘लिफ्टच्या खड्ड्याचे जलरोधन’ ही बाब आमच्या एकमजली चर्चच्या वाट्याला आली होती. ती हसण्यावारी गेली, पण मसुदा कोणी नीट वाचला नव्हता हेही त्यातून दिसले. अभियंता बाईंनी काम अर्ध्यावर असताना नोकरी सोडली आणि त्यांच्या जागी आलेले गृहस्थ आठवड्यातून एकदा येऊन मोबाइलवर फोटो काढून परत जात. करारात ‘आवश्यकतेनुसार भेटी’ असे मोघम शब्द असल्यामुळे तक्रारीला आधारही नव्हता. शेवटी धर्मग्रामातल्याच एका निवृत्त ओव्हरसियरांनी रोज सकाळी उभे राहून लाकूड तपासून घेतले, तेही विनामोबदला. वेदीच्या परिसराचा प्राथमिक आराखडा करताना टॅबरनॅकलची (पवित्र भाकर ठेवण्याच्या पेटीची) जागा केवळ प्रकाशयोजनेच्या सोयीने बदलण्यात आली होती. अशा बदलाला धर्मप्रांताची संमती लागते हे संस्थेला ठाऊक नव्हते, आणि तो आराखडा फादरांनीच परत पाठवला. शिवाय सर्व अहवाल इंग्रजीत असत. परिषदेतले निम्मे ज्येष्ठ सदस्य मराठीतून व्यवहार करणारे असताना ज्या कागदावर त्यांच्या सह्या हव्यात तो त्यांना वाचून समजावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

सर्वांत मोठा आक्षेप फीच्या पद्धतीवर आहे. फी एकूण खर्चाच्या टक्केवारीत असल्यामुळे खर्च वाढला की सल्लागाराचे उत्पन्नही वाढते, आणि ज्याने खर्च आवरायचा त्यालाच तो वाढण्यात लाभ असतो. या संस्थेने त्याचा गैरफायदा घेतला असे मी म्हणणार नाही, कारण परांचीची ती ओळ खोडताना तिची स्वतःचीही फी कमी झाली. तरीही भिंती आणि वीजजोडणीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी त्याच संस्थेशी बोलणी करताना आम्ही पाहणी, निविदा आणि बिल तपासणी यांची ठोक रक्कम वेगवेगळी मागितली आहे, देखरेख करारातून वगळून त्या पैशात पगारी ओव्हरसियर नेमायचे ठरवले आहे आणि अहवालाचा मराठी गोषवारा दिल्याशिवाय कोणताही हप्ता देय होणार नाही असे कलम घातले आहे. संस्थेने पहिल्या दोन अटी मान्य केल्या आहेत. तिसरीवर घासाघीस चालू आहे.