बायबल अभ्यासाची परिषद: अमेरिका की पुणे?

कोल्हापुरातून पहिल्यांदाच निबंध वाचायला निघणाऱ्यानं पुणं गाठावं, असं माझं ठाम मत. 1880 मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर या बायबल अभ्यासकांच्या संस्थेचं अमेरिकेतलं नोव्हेंबरचं अधिवेशन भव्यच: हजारोंची उपस्थिती, एकाच वेळी कितीतरी सत्रं, ग्रंथांचं मोठं प्रदर्शन. कुमरानच्या गुंडाळ्यांवर, म्हणजे मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांवर, आयुष्य घालवलेली माणसं तिथं भेटतात. पण व्हिसा, विमान, हॉटेल! शिवाय निबंध संपला की श्रोते पुढच्या दालनात.

पुण्यातल्या सेमिनरीतलं, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेतलं, चर्चासत्र लहान, एसटीनं जाण्याजोगं. तिथं बायबलमधल्या रूथनं बवाजाच्या शेतात वेचलेल्या सरव्यावर बोललात, तर सुगीनंतर रानात सरवा वेचणाऱ्या बायका पाहिलेले श्रोते समोर असतात. मग प्रश्न नेमके येतात, जेवणाच्या पंगतीतही चर्चा थांबत नाही. अमेरिकेला जायचंच असेल, तर गोषवारा कितीतरी महिने आधी पाठवावा लागतो.