बॅकअप कुठे ठेवावा: कपाटातल्या डिस्कवर की क्लाउडवर?

रात्री गल्ला मोजून झाला की मी दुकानाचा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतो, केबल काढतो आणि डिस्क कपाटात ठेवतो. केबल काढणं फार महत्त्वाचं आहे. डिस्क जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरसोबत तीही लॉक करतं.

वेगात डिस्कला तोड नाही. १०० जीबी फोटो तासाभरात उतरतात. २० एमबीपीएस अपलोडवर तेच क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, चढवायला अकरा तास लागतात.

पण डिस्क आणि कॉम्प्युटर एकाच छपराखाली. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली. अशा वेळी कपाटही वाचत नाही. तिथे क्लाउडच कामी येतो.

मात्र गूगल ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसोबत वाटलेली. शिवाय सिंक (कॉम्प्युटरवरचा बदल क्लाउडवर आपोआप उतरणं) म्हणजे बॅकअप नव्हे! इथे चुकून उडवलेली फाइल तिथूनही जाते, बिनमध्ये फक्त ३० दिवस राहते. एप्रिलमध्ये उडालेली खतावणी ऑडिटच्या वेळी शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

घरच्या फोटोंसाठी मी डिस्कच निवडेन. हिशेबाचा डेटा आकाराने लहान असतो, तो तारीख टाकून, झिप करून क्लाउडवरही चढवा. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघा.