विश्रामबागचा दोन दिवसांचा फझी रिस्क क्लास: पैसे वसूल, पण मेन गोष्ट राहिलीच

मागच्या शनिवार-रविवारी सांगलीत सेफ्टी-मेंटेनन्सवाल्यांसाठीचा फझी लॉजिकचा, म्हणजे हो-नाहीच्या मधलं 'थोडंफार' आकड्यात मांडायचा, क्लास केला, फी ३२०० जेवणासकट. मी साखर कारखान्यात बॉयलरला, गणितात बारावीपासनं बोंब, त्यामुळं घाबरतच गेलतो. साडेतीन स्टार.

सरांनी सुरुवात आयर्विन पुलापासनं केली, कृष्णेच्या पुराचं पाणी मोजतात तिथनं, तिथंच गडी जिंकला. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, मग ३९ फूट ११ इंचाला सांगलीकर निवांत झोपतो का ओ? आमच्या गल्लीत ३८ लाच सामान माळ्यावर चढतंय. म्हणजे ३५ ला धोका शून्य अन् ४५ ला १ धरला तर ३८ ला तो ०.३, ४२ ला ०.७, ह्यालाच मेंबरशिप म्हणायचं, आणि ही प्रोबॅबिलिटी नव्हे हे सरांनी चारदा बजावलं तरी मागच्या बाकावरचा एकजण शेवटपर्यंत तेच धरून बसलेला. झादे नावाच्या प्राध्यापकांनी १९६५ ला हे मांडलं, आणि पुढं ममदानी नावाच्या इंजिनिअरनी पहिला फझी कंट्रोलर (मशीन आपोआप सांभाळणारा) चालवला तो छोट्या स्टीम इंजिनवर, बॉयलरसकट! हे ऐकून माझी झोपच उडाली.

एफएमईएचा, म्हणजे काय बिघडंल अन् त्यानं काय होईल ते आधीच तपासायचा, भाग एक नंबर. आपण परिणाम किती वाईट, किती वेळा होतंय अन् पकडायला किती अवघड असे तीन आकडे गुणून आरपीएन, म्हणजे रिस्कचा नंबर, काढतो ना, सेफ्टी व्हॉल्व्ह जाम झाला तर ९×२×३ म्हणजे ५४ आणि फीड पंपाचं ग्लँड गळतंय तर ३×९×२, तेही ५४. दोन्ही सारखंच? एकात माणूस मरंल, दुसऱ्यात फरशी भिजंल. फझी एफएमईएत गुणाकार नाही, नियम लिहायचे, 'परिणाम भयंकर, तर घटना क्वचित असली तरी रिस्क मोठी' असे.

रविवारी फॉल्ट ट्री, म्हणजे मोठा अपघात कुठल्या कुठल्या बिघाडांनी होईल त्याचं झाड. पंप बंद पडण्याची शक्यता नेमकी ०.०२ कोण सांगणार, आमच्याकडं रेकॉर्ड म्हणजे शिफ्टची वही, तीपण भिजलेली. मग कमीत कमी ०.०१, बहुतेक ०.०२, जास्तीत जास्त ०.०४ असा त्रिकोण घ्यायचा, लो वॉटर कटऑफ (पाणी कमी झालं की बॉयलर बंद करणारा) न चालण्याचा ०.०१, ०.०३, ०.०५, अँड गेटला, म्हणजे दोन्ही एकदम बिघडले तरच अपघात तिथं, गुणले की ०.०००१, ०.०००६, ०.००२. दोन्ही टोकांत वीसपट फरक! खरं तर गुणल्यावर त्रिकोणाच्या बाजू जरा वाकतात, सरांनी तेवढं सोडून दिलं, चालतंय. पण आपल्याला किती कमी माहितीय ते इथं कागदावर दिसतं, एक आकडा दिला असता तर साहेबांनी तोच फायनल धरला असता.

आता तक्रार. तो ३५ फूट आला कुठनं? त्रिकोणाची टोकं कुणी ठरवायची, तीन अनुभवी माणसं तीन वेगळं बोलली तर कुणाचं धरायचं? हा प्रश्न मी दोनदा विचारला, उत्तर 'एक्स्पर्ट जजमेंट' आणि पुढची स्लाइड. अहो सगळी मेख तिथंच आहे, आमचा जुना बॉयलर अटेंडंट 'अधनंमधनं होतंय' म्हणतो म्हणजे हंगामात दोनदा का आठवड्याला, हे त्याच्याकडनं काढून घ्यायचं कसं ते शिकवायला पायजे होतं. त्याऐवजी अर्धा तास सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यात गेला, वायफायची बोंबच.

जेवण ठीक, चारच्या चहाबरोबर भडंग मात्र झकास. नुसतं सर्टिफिकेट पायजे असलेल्यांनी जाऊ नका, दुसऱ्या दिवशी डोकं लागतंय. लॅपटॉप चार्ज करून न्या, प्लग दोनच आहेत.