फिरता कळप की बंदिस्त मेंढीपालन? बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-चिक्कोडी पट्ट्यातला हिशेब

फिरत्या कळपाला चाऱ्याचा खर्च जवळपास नाही. कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. दख्खनी मेंढी काटक, लांब चालीची. या पद्धतीला तिच्यासारखी दुसरी नाही. पण गायरानं आक्रसली, ऊस वाढला, मोकळं रान उरलं कुठं? शिवाय पावसाळ्यात चिखलानं खूर कुजतात, म्हणून कळप पश्चिमेच्या, बेळगावकडच्या खानापूरच्या झडीपासून लांब, पूर्वेच्या कोरड्या माळालाच ठेवावा.

बंदिस्तात मोठ्या मेंढीला साधारण १० ते १२ चौरस फूट जागा, कोरडी जमीन आणि दिवसाला ३-४ किलो हिरवा चारा, अर्धा ते एक किलो कडबा, २००-२५० ग्रॅम खुराक (धान्य-पेंडीचं मिश्रण) लागतो. इथं खरी चूक होते ती उसाच्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर. फुकट मिळतं म्हणून नुसतं वाडंच घातलं, तर त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, ते मेंढीला मिळत नाही. गाभण मेंढ्यांना ते फार बाधतं. वाड्याबरोबर सुबाभूळ किंवा तुरीचं भुसकट द्यावं. गाईचं खनिज मिश्रण मेंढीला देऊ नये, त्यातलं तांबं तिला विषारी ठरतं. एकदम जास्त धान्य घातलं की पोटात आम्ल वाढतं.

आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन मेंढरं दगावणाऱ्या रोगाची) लस मात्र दोन्हीकडे पावसाळ्याआधीच टोचायची. चाऱ्यासाठी घरची ओलिताची जमीन आणि मजूर नसेल, तर बंदिस्ताच्या नादी लागू नये.