एकाच चलावर भागवायचं की दोन घ्यायचे?

शाब्दिक उदाहरण वाचून झालं, दोन संख्या शोधायच्या आहेत एवढं कळलं, की समीकरण मांडण्याआधीच एक निवड करावी लागते. दोन्ही संख्यांना वेगवेगळी अक्षरं (म्हणजे चलं) द्यायची, की एकीला अक्षर देऊन दुसरी तिच्यावरूनच लिहायची? उत्तर दोन्हीकडून तेच येतं. चूक होण्याची जागा मात्र बदलते, आणि निवड करायची ती त्यावरूनच.

आधी एका चलाची बाजू. 'दोन संख्यांची बेरीज ७० आहे. मोठी संख्या लहान संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी आहे.' यातलं दुसरं वाक्य मोठ्या संख्येची ओळख लहान संख्येवरूनच करून देतं. लहान संख्या क्ष मानली की मोठी आपोआप २क्ष − ५. बेरीज ३क्ष − ५ = ७०, म्हणून क्ष = २५ आणि मोठी संख्या ४५. तीन ओळींत खेळ खलास. इथे मुद्दाम दुसरं अक्षर आणलं तर य = २क्ष − ५ असं लिहून पुढच्याच ओळीत ते पहिल्या समीकरणात ठेवावं लागणार, म्हणजे आणलेला पाहुणा लगेच दाराबाहेर. उदाहरणात 'दुपटीपेक्षा', 'निम्म्याहून', 'पेक्षा इतक्याने जास्त' अशी भाषा असेल, तर एक चल पुरतं.

आता हे पाहा: 'पहिल्या संख्येची तिप्पट आणि दुसरीची दुप्पट यांची बेरीज ६२. पहिलीच्या पाचपटीतून दुसरीची दुप्पट वजा केली तर ३४.' इथे कुठलंच वाक्य एका संख्येची ओळख दुसरीवरून करून देत नाही. हट्टाने एका चलावर राहिलात तर दुसरी संख्या (६२ − ३क्ष) ÷ २ अशी लिहावी लागते. पुढे कंस, त्याच्याआधी वजाचं चिन्ह, खाली छेद, आणि तिथेच हात घसरतो. दोन चलांनी मात्र वाक्यं जशीच्या तशी उतरतात:

३क्ष + २य = ६२
५क्ष − २य = ३४

बेरीज करा, य चा लोप होतो (तो समीकरणातून नाहीसा होतो), ८क्ष = ९६, क्ष = १२. मग ३६ + २य = ६२, य = १३. पडताळा: ६० − २६ = ३४.

माझा स्वतःचा कल दोन चलांकडे आहे, आणि त्याचं कारण आकडेमोडीत नाही. दोन चलांचं समीकरण मोठ्याने वाचलं की मूळ वाक्य परत ऐकू येतं, त्यामुळे मांडणीतली चूक सोडवण्याआधी कानाला कळते. 'पहिली संख्या दुसरीच्या तिप्पट आहे' यासाठी ३क्ष = य लिहिणारे कमी नाहीत. तीन पहिल्या संख्येला चिकटवायचा मोह होतोच. वाचून पाहिलं की 'पहिलीची तिप्पट म्हणजे दुसरी' असं येतं आणि गडबड उघडी पडते. एका चलात ही तपासणीची पायरी मनातल्या मनात होते, म्हणजे बहुतेकदा होतच नाही. 'दुपटीपेक्षा ५ ने कमी' याला मात्र मराठीत फारसा धोका नाही: आधी दुप्पट, मग ५, मग कमी, बोलण्याचा क्रम आणि २क्ष − ५ चा क्रम जुळतो.

दोन समीकरणं मांडल्यावर पुन्हा दोन वाटा: लोप करायचा, की एका चलाची किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवायची? एखाद्या चलाचा सहगुणक (त्याला गुणणारी संख्या) १ असेल तर किंमत ठेवा, नाहीतर लोप. यावर याहून जास्त विचार करायची गरज मला कधी पडली नाही.

बेरीज आणि फरक दोन्ही दिले असतील तर चलांचीही गरज नाही. बेरीज ७४, फरक १८: दोन्ही मिळवून निम्मे केले की ४६, बेरजेतून फरक वजा करून निम्मे केले की २८. आपल्या जुन्या गणितात या रीतीला संक्रमण म्हणतात, भास्कराचार्यांनी ती १२व्या शतकात सूत्रासारखी बांधून दिली आहे. (अनेक अज्ञात राशी असल्या की ते त्यांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं देत. दुसऱ्या अज्ञातापासून सरळ रंगच.) ही रीत अनपेक्षित ठिकाणी कामाला येते. १७क्ष + २३य = २०६ आणि २३क्ष + १७य = १९४ यांत सहगुणकांची अदलाबदल झाली आहे. बेरीज केली तर ४०(क्ष + य) = ४००, वजाबाकी केली तर ६(य − क्ष) = १२. म्हणजे बेरीज १०, फरक २, आणि संख्या ४ व ६. इथे लोप करायला बसलात तर १७ आणि २३ चे गुणाकार करत बसाल.

दोन अंकी संख्येची उदाहरणं दोन चलांचीच. अंकांची बेरीज ११, अंक उलटे केले तर संख्या २७ ने वाढते. दशकस्थानी क्ष, एककस्थानी य, तर संख्या १०क्ष + य. ती क्षय अशी शेजारी शेजारी लिहिली की बीजगणितात तो गुणाकार झाला, बहुतेक गुण तिथेच जातात. १०य + क्ष = १०क्ष + य + २७ यावरून य − क्ष = ३, आणि बेरीज ११ आहेच. पुन्हा संक्रमण: ७ आणि ४, संख्या ४७.

निश्चयकाची पद्धत, म्हणजे स्विस गणिती क्रेमरची (१७५०), यंत्राला सोयीची. निश्चयक म्हणजे सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांतला फरक. वरच्या ६२ आणि ३४ च्या उदाहरणात निश्चयक −१६ येतो, क्ष साठीचा −१९२, भागाकार १२. चिन्ह एकदा चुकलं की उत्तर गेलं, आणि चूक शोधायला वाक्याचा आधारही उरलेला नसतो. तिचा खरा फायदा वेगळा: निश्चयक शून्य आला तर एकच एक उत्तर मिळणार नाही हे सोडवण्याआधीच कळतं. आलेखही हेच दाखवतो, रेषा समांतर किंवा एकावर एक. पण उत्तर १२.४ असेल तर आलेखावरून ते नेमकं वाचायला जाऊ नका.

बेरजेबरोबर गुणाकार दिला असेल तर पारडं फिरतं. बेरीज २०, गुणाकार ९६: लोप इथे चालत नाही, कारण क्षय = ९६ हे रेषीय समीकरणच नाही. एका चलाने क्ष(२० − क्ष) = ९६, म्हणजे वर्गसमीकरण. त्याहून सुटसुटीत वाट प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटसची, याच आकड्यांवर त्याने दाखवलेली: संख्या १० + क्ष आणि १० − क्ष माना. गुणाकार १०० − क्ष² = ९६, क्ष = २, संख्या १२ आणि ८. चल एकच, पण ते दोन्ही संख्यांच्या बरोबर मध्यापासून मोजलेलं.