माइट अँड मॅजिक ६: तलवारीपासून ब्लास्टरपर्यंत

१९९८ चा कॉम्प्युटर गेम, ग्राफिक्स आता पार जुनाट वाटतात, पण एनरॉथचं जग अजून सोडवत नाही राव. चार जणांची टोळी घेऊन न्यू सॉर्पिगलमधून निघायचं, गावाबाहेर पडलं की गॉब्लिनचा घोळका अंगावर, मग एंटर दाबून टर्न-बेस्ड (म्हणजे आळीपाळीने वार) करायचं आणि निवांत एकेक बाण सोडायचा, हे जमलं की मजाच मजा. फ्लाय स्पेल (उडायचा मंत्र) मिळाल्यावर तर अख्खा मॅप वरून फिरलो! आणि खरी कमाल म्हणजे ज्यांना सगळे सैतान म्हणतात ते चक्क परग्रहावरचे निघतात, शेवटी हातात तलवारीऐवजी ब्लास्टर, म्हणजे किरण सोडणारी बंदूक, येतो. डन्जन (राक्षसांनी भरलेली भुयारं) मात्र काही काही फारच लांबलचक, राक्षस मारून मारून बोटं दुखतात. तरी खेळाच.